अमरसिंहचा सा

शिडीच्या सातव्या पायरीवर उभं राहून मीरासाब शिकलगार फ्लेक्सवरच्या एका शब्दाला व्हार्निश लावत होता. विजेच्या मोटारीच्या वाइंडिंगवर मारतात तेच व्हार्निश, तांबूस, चिकट, एकदा वाळलं की तासल्याशिवाय न निघणारं. फ्लेक्सवर अमरसिंह इंगवलेचा फेटा बांधलेला फोटो होता, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि नावाच्या आधी ठळक लाल अक्षरांत 'भजनसम्राट'. त्यातला शेवटचा 'ट' तेवढा झाकायचा राहिला होता.

उद्यमनगरात सकाळी साडेनऊला असली करमणूक रोज मिळत नाही. लेथवाले लेथ बंद करून रस्त्यावर आले होते. अडुसष्ट वर्षांचा मिस्त्री, गुडघे धरतात म्हणून दुकानातल्या स्टुलावरही जपून बसणारा, आज शिडीवर चढलाय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सगळ्यांना कळत होतं. पण विचारायची छाती कुणाची होत नव्हती.

"मिस्त्री, पडशिला की," शेवटी एक वेल्डर म्हणाला.

"पडलो तर उचल. तवर शिडी धर."

तेवढ्यात बुलेटवरून राजवीर आला. अमरसिंहचा एकुलता एक मुलगा. वय बेचाळीस, 'राजवीर साऊंड'चा मालक. गणपतीत आणि वरातीत आवाजाच्या ज्या भिंती ट्रॅक्टरवर चढवून फिरवतात आणि ज्यांना अख्खं कोल्हापूर डॉल्बी म्हणतं, तसल्या दोन भिंती त्याच्याकडे होत्या. बाप जाऊन अकरा दिवस झाले होते.

"काका, खाली उतरा."

"झालंय. 'ट' ऱ्हायलाय."

"माझ्या बाचा फोटू हाय त्यो."

"फोटूला कुटं हात लावलाय मी? त्यो तसाच हाय, झ्याक." मीरासाबनं ब्रश डब्यात बुडवला. "पर तुजा बा भजनसम्राट न्हवता."

"पंधरा वर्सं दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन म्हणत हुते की."

"म्हणत हुता. मी बी ऐकाय गेलतो. चांगलं म्हणत हुता. म्हणून सम्राट व्हय? त्याला जित्तेपणी कुणी सम्राट म्हटलं असतं, तर त्यानं त्या माणसाचं दळण गिरणीवरनं तसंच परत दिलं असतं."

राजवीरनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, दिवस कसलं हाईत बघा की. तुमी शिकलगार. भजन ह्या शब्दावर तुमी चढून काळं फासताय. कुणी मोबाइलवर काढलं म्हंजे?"

"काळं न्हवं, व्हार्निश हाय," मीरासाब म्हणाला. मग तो शिडीवरूनच खालच्या माणसांकडे वळला. "काढा रं, कुणाला काढायचं त्यानं. मी आन अमऱ्या एका डब्यात जेवलोय. मी त्याच्या नावाला काय लावीन, त्यात कुणी मधी पडायचं न्हाय."

दोन-तीन मोबाइल वर झाले होते, ते खिशात गेले. मीरासाबनं सावकाश 'ट' झाकला, डब्याला झाकण लावलं आणि एकेक पायरी मोजत खाली आला. खाली आल्यावर तो शिडीला टेकून उभा राहिला.

राजवीर काही वाईट मुलगा नव्हता. त्यानं खिशातला रुमाल पुढं केला. "हात पुसा. ऐतवारी धा वाजता तालमीच्या हॉलमधी शोकसभा हाय. तुमी दोन शब्द बोलायचं. आन काका, तुमच्या ब्यांडची ती कॅसेट हाय न्हवं, माझ्या पोरीनं, तेजूनं, ती साफ केलीया. शेवटाला ती लावणार हाय आमी. मग तर झालं?"

मीरासाबचा राग तिथंच उतरला. कॅसेट लावणार म्हटल्यावर फ्लेक्सवर काय का लिहिलं असेना, असं त्याला वाटलं. व्हार्निश लावायची घाईच झाली, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

त्या कॅसेटची हकीकत अशी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मीरासाब आणि अमरसिंह एकाच फाउंड्रीत ओतकामाला होते. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी मेहुण्यानं इंग्रजी रॉकच्या चार कॅसेट गावात आणल्या आणि या दोघांचं डोकं फिरलं. भट्टी पेटल्यावर, घण पडल्यावर जो आवाज आपण दिवसभर ऐकतो, तोच गोऱ्या पोरांनी गाण्यात घातलाय, हे कळल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी ब्यांड काढला. नाव 'फाउंड्री', दुसरं सुचलंच नाही. ड्रम वाजवणारा तिसरा एक होता, तो पुढं आखातात गेला आणि तिकडचाच झाला.

गिटार घ्यायची ऐपत नव्हती. मीरासाबनं जुन्या सागवानी दाराची फळी कापून गिटार बनवली. तारांचा आवाज उचलणारं जे पिकअप तारांखाली बसवतात, तेही त्यानं हातानं भरलं. तेव्हा तो मोटारी भरायचं, म्हणजे त्यांच्यात तारेचे वेढे घालायचं, काम शिकत होता, तांब्याच्या तारेची त्याला भीती नव्हती. पिकअपमध्ये दोन कॉइल असतात, केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. एक कॉइल उजवीकडून भरायची, दुसरी डावीकडून. मग विजेची घूं घूं आत शिरली तरी एक कॉइल दुसरीतली घूं मारून टाकते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं दोन्ही उजव्या भरल्या. परिणाम असा की प्लग लावला की तारेला बोट लागायच्या आधीच स्पीकरमधून घूं सुरू व्हायचं आणि कार्यक्रम संपेपर्यंत चालू राहायचं.

अमरसिंह गाणं कुठं शिकला नव्हता. सा कुठून धरायचा, हे त्याला माहीत नव्हतं. समोर अखंड घूं चाललेलं होतं, त्यानं सा त्यातूनच धरला. तो सूर पेटीवर सापडत नाही. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत कुठंतरी तो बसतो. मीरासाबनं गिटारच्या तारा त्यालाच लावल्या आणि 'फाउंड्री'ची सगळी गाणी त्या फटीतच झाली. ती एकदाच टेपरेकॉर्डरवर घेतली, तीच ही कॅसेट, दुसरी नाही. पुढं एका रेडिओवाल्यानं मीरासाबला त्याची चूक दाखवली. तासाभराचं काम होतं. त्यानं स्क्रू सोडायला घेतला तेव्हा अमरसिंहनं त्याचं मनगट धरलं. "हात लावशील तर बघ," तो म्हणाला.

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. मीरासाबच्या वडिलांना नाट्यगीतं आवडत. ते म्हणाले, भांडी घासायची तर मोरीत बसून घासा. राजवीर लहानपणी बापाची कॅसेट लागली की कानात बोटं घालायचा, आज त्याच्या डॉल्बीनं लोकांच्या खिडक्या हलतात. राजवीरची मुलगी तेजस्वी कॉलेजात जाते आणि रॅप करते, ते राजवीरला भांडण वाटतं. आपलं सोडून बाकीच्यांचं गाणं म्हणजे गोंगाट, एवढी एक इस्टेट इंगवल्यांच्या आणि शिकलगारांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

सहा वर्षांनी फाउंड्री बंद पडली, कारखानाही आणि ब्यांडही. अमरसिंहनं मंगळवार पेठेत घराखाली पिठाची गिरणी टाकली. गिरणीची मोटार मीरासाबनं भरून दिली. तीही घूं करायची. वीज तीच, म्हणून सूरही तोच. दळण चालू असलं की अमरसिंह त्या घूंवर गायचा, डबे घेऊन आलेल्या बायका हसायच्या. आणि गुरुवारी देवळात गेला की पेटीवाले गणपतराव पाटील दर वेळी म्हणायचे, "इंगवले, जरा खाली या. एक केस वर जाताय." पंधरा वर्षं ते सांगत राहिले आणि पंधरा वर्षं अमरसिंह एक केस वरच राहिला.

त्याच दिवशी संध्याकाळी मीरासाब गिरणीवरच्या घरात गेला. गिरणी बंद होती, पट्ट्यावर धूळ बसली होती. वर संयोगिताबाई, अमरसिंहची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेजस्वीनं त्याला पाणी दिलं आणि लॅपटॉप पुढं ओढला.

"मीराआबा, आठवडा घालवलाय मी ह्याच्यात. आता ऐका. तुम्ही ओळखणारच नाही."

तिचं म्हणणं खरं निघालं. मीरासाबनं ओळखलं नाही.

गाणं तेच होतं, 'फाउंड्री'चं. शब्द तेच, "साच्यात मावत न्हाय आमी, वता की, परत वता." पण सुरुवातीला घूं नव्हतं, कोऱ्या कागदासारखी शांतता होती, आणि त्या शांततेत कुणीतरी गोड आवाजाचा, नीटनेटका माणूस गात होता. जिथं आवाज ओरखडे काढत वर चढायचा तिथं हा माणूस जिना चढल्यासारखा चढत होता.

"ह्यो कोण?" मीरासाबनं विचारलं.

तेजस्वी हसली. मग तिच्या लक्षात आलं, की तो खरंच विचारतोय. "आबाच आहेत की. फक्त हमिंग काढलं, ते घूं घूं. आणि ते सगळीकडं थोडे वर जात होते, म्हणून पट्टीत आणले. सॉफ्टवेअर आपोआप करतं."

"त्यो वर जात न्हवता. त्यो जागेवर हुता." मीरासाबचा आवाज चढला. "तू त्याची जागा हलवलीस."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं, दोन्ही उजव्या कॉइल, घूं, सा, "हात लावशील तर बघ" म्हणून धरलेलं मनगट. तेजस्वी ऐकत गेली आणि तिचा चेहरा पडत गेला. दारात उभा असलेला राजवीर मात्र मान हलवत होता.

"काका, हमिंग म्हंजे बिघाड. माझ्या सेटवर हमिंग आलं तर मंडळ दुसऱ्या वर्षी बोलवत न्हाय. लोकांस्नी आता साफ लागतंय."

"मूळची कॅसेट दे," मीरासाब तेजस्वीला म्हणाला.

"एकदा वाजली आणि टेप मशीनमध्ये अडकली. तुकडे झाले, मीराआबा."

"मग ती फाईल का काय असत्या ती. साफ करायच्या आदीची."

"फोन भरला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, चांगली झालीय तर खराब कशाला ठेवायची."

संयोगिताबाई भिंतीपासून सरकून पुढं आल्या. त्या म्हणाल्या, "बंद कर गं त्ये. परत परत नको लावूस."

मीरासाब जिना उतरला. बंद गिरणीपाशी उभं राहून त्याला पहिल्यांदा रडू आलं. मयताच्या दिवशीही आलं नव्हतं. माणूस गेला हे त्यानं पचवलं होतं. पण आता जगात अमरसिंहचा एकच आवाज उरला होता आणि तो अमरसिंहचा नव्हता. रविवारी दोनशे माणसं तो ऐकतील, वा म्हणतील, आणि घरी जाताना तोच बरोबर घेऊन जातील. तुजा आजा गोड न्हवता गं पोरी, असं त्याला परत वर जाऊन सांगावंसं वाटलं, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही.

शनिवारी दुपारी त्यानं कपाटावरून गिटार काढली. चादरीत गुंडाळलेली, धुळीनं माखलेली. तिचं पिकअप मात्र आता शहाणं होतं. ब्यांड मोडल्यावर दोन वर्षं तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होता, आणि मालक हमिंगवर बोंबलायचा म्हणून त्यानं एक कॉइल सोडून सुलटी, डावी भरली होती. अमरसिंहला त्यानं ते कधीच सांगितलं नाही. चाळीस वर्षं तेवढं एक मनात ठेवलं होतं.

पिकअप उघडून त्यानं मीटर लावला. तीच डावी कॉइल मेली होती. तार हिरवी पडून कुठंतरी आत तुटली होती. म्हणजे भरायची तर होतीच. सुलटी भरायची की उलटी, एवढाच प्रश्न होता.

उद्यमनगरात मीरा मिस्त्रीची ख्याती अशी, की त्यानं भरलेली मोटार दहा वर्षं उघडावी लागत नाही. एवढ्या वर्षांत त्यानं जाणूनबुजून एकही वाइंडिंग चुकीचं भरलं नव्हतं. त्यानं हातानं फिरवायचं मशीन पुढं घेतलं, चष्म्यावर आणखी एक भिंग चढवलं आणि तार उजवीकडून लावली.

मशीनचा वेढे मोजणारा काटा बंद होता. मोजायला त्यानं मेहमुदाला, बायकोला बसवलं. शंभर वेढे झाले की तिनं एक शेंग बाजूला ठेवायची, साठ शेंगा झाल्या की काम संपलं. या दोघांची घरातली बोली दखनी, पण भांडण सुरू झालं की दोघंही मराठीवर येत.

"फ्लेक्सला व्हार्निश लावून आलासा म्हणं. मला कोपऱ्यावरच्या शालूबाईनं सांगितलं. जीव ठिकाणावर हाय न्हवं?"

"मोज."

"मोजतीया. उद्या तितं लोकं चिडली म्हंजे?"

"चिडू देत. चवतीस झाली का?"

"तेहतीस."

"चवतीस. तू एक खाल्लीस."

मेहमुदानं समोरच्या टरफलाकडं पाहिलं. तिच्या तोंडात शेंगदाणा होता. "मला काय ध्यान हाय? कवापास्नं बसलीया," ती म्हणाली. मग सगळ्या शेंगा पुन्हा मोजल्या, टरफलं मोजली, आणि आकडा जुळेना. शेवटी मीरासाबनं मान उडवली. "ऱ्हाऊ दे. पैल्यांदा भरली तवा तरी कुठं मोजली हुती."

तार दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्यानं टोक जिभेनं ओलं करून शोधलं, जोडलं आणि पुढं भरत गेला. संपल्यावर त्यानं त्या कॉइलखालचं लोहचुंबकही पालटलं, नाहीतर घूं राहिलं असतं आणि तारांचाच आवाज मेला असता, आणि आपल्याच हातानं केलेल्या लाकडी डब्यातल्या अँप्लिफायरला गिटार जोडली. बटण दाबलं. आतले काचेचे व्हॉल्व्ह गरम व्हायला थोडा वेळ गेला आणि मग ते आलं.

घूं.

मेहमुदानं कानावर पदर घेतला नाही. तिनं शेंगांची टरफलं गोळा केली आणि म्हणाली, "अमरभावजींचा आवाज हाय की ह्यो." गाण्यातलं तिला काही कळत नाही, असं मीरासाब चाळीस वर्षं समजत आला होता.

रविवारी हॉल भरला होता. मे महिना, पत्र्याचं छत, वर आठ पंखे फिरत होते. स्टेजवर हार घातलेला फोटो, एका बाजूला भजनी मंडळाची पेटी, दोन कोपऱ्यांत राजवीरचे काळे स्पीकर. मीरासाब रिक्षातून तासभर आधीच आला होता. चादरीत झाकलेला डबा त्यानं स्टेजच्या कडेला ठेवला आणि प्लग भिंतीवरच्या बोर्डात, पंख्यांच्या बटणांच्या शेजारी लावला. राजवीरच्या मशीनला त्यानं मुद्दाम जोडला नाही. त्या मशीनमध्ये हमिंग मारायची सोय असते, हे तो जाणून होता.

"काका, हे काय?" राजवीरनं विचारलं.

"दोन शब्द बोलायचं सामान."

तालमीचे अध्यक्ष उदयसिंह पवार बोलले. पिठात भेसळ न करणारा माणूस, म्हणाले. गणपतराव पाटील बोलले. आवाज थोर, भाव थोर, जरा एक केस वर राहायचे पण देवाला चालत होतं, म्हणाले. लोक हळूच हसले. ब्यांडबद्दल कुणीच काही बोललं नाही. कुणाच्या तरुणपणी जेलची वारी झाली असेल तर ती जशी वगळतात, तशी ती सहा वर्षं सगळ्यांनी वगळली. तेजस्वी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या स्क्रीनकडं न बघता जमिनीकडं बघत होती.

मग मीरासाबचं नाव घेतलं. त्यानं गिटार गळ्यात अडकवली तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. माइक त्यानं बाजूला सारला.

"अमऱ्या भजन म्हणायचा, त्ये समद्यांनी सांगितलं. त्याच्या आदी त्यो काय म्हणायचा, त्ये सांगाय कुणाला लाज वाटली काय, म्हाईत न्हाय. मला न्हाय वाटत. आमी रॉक वाजवायचो. लोकं दारं लावून घ्यायची. आमी आवाज वाढवायचो." तो थांबला. "आता दोन मिनटं उभं ऱ्हायचं असतंय, गप्प. अमऱ्या उभ्या जल्मात दोन मिनटं गप्प बसला न्हाय. तवा उभं ऱ्हावा समदी, पर ही दोन मिनटं मी गप जाऊ देणार न्हाय."

त्यानं वाकून डब्याचं बटण दाबलं. लोक उभे राहिले, सवयीनं मान खाली घातली आणि वाट बघू लागले. घूं सुरू झालं. मीरासाबनं तारांना हात लावला नाही.

"हमिंग येतंय," मशीनवरचा माणूस कुजबुजला.

उदयसिंहांनी राजवीरकडं पाहिलं. राजवीर चटकन भिंतीवरच्या बोर्डाकडं गेला. त्याचा हात प्लगपाशी पोचला होता.

"राजवीर," मीरासाब म्हणाला. आवाज चढवला नाही. "हात लावशील तर बघ."

हे शब्द कुणाचे, ते राजवीरला तीन दिवसांपूर्वी कळलं होतं. त्याचा हात तिथंच थांबला.

दोन मिनिटं झाली असतील, नसतील. पुढच्या रांगेतले गणपतराव पाटील अस्वस्थ झाले. ते स्टेजवर आले, पेटीपाशी बसले, भाता हलवला आणि पांढरी पाच दाबली. जुळली नाही. काळी चार दाबली. तीही जुळली नाही. घूं दोघींच्या मधे होतं. त्यांनी पुन्हा पांढरी दाबली, पुन्हा काळी, आणि मग भाता मिटून पेटीवर दोन्ही हात ठेवले.

"त्ये वर जात न्हवते," गणपतराव म्हणाले. शेजारच्यांना ऐकू जाईल एवढंच म्हणाले. "पंधरा वर्सं मी त्यास्नी खाली या म्हणत हुतो."

तेजस्वीनं लॅपटॉप मिटला. ती स्टेजच्या कडेला आली. "मीराआबा, मी ती फाईल लावत नाही. तुम्ही वाजवा. मी घेते फोनवर."

"साफ करायचं न्हाय."

"नाही करत."

मीरासाबनं वाजवायला घेतलं. बोटं जड झाली होती. दोन ठिकाणी चुकली, तिसऱ्या ठिकाणी त्यानं चूक लपवायचं सोडून दिलं. पण सागवानी दाराच्या त्या फळीतून भट्टीचा आवाज आला तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा ओतारी नकळत बूट आपटू लागला. काही माणसं बाहेर गेली, त्यांना जाऊ दिलं. आवाज त्यानं कमी केला नाही, उलट एक आटा वाढवला.

मग गाण्याची जागा आली. इथून अमरसिंह सुरू व्हायचा. मीरासाबनं तळहात तारांवर ठेवून त्या थांबवल्या आणि सरळ उभा राहिला. ती जागा त्यानं भरली नाही, दुसऱ्या कुणाला भरू दिली नाही. तिथं फक्त घूं राहिलं. साच्यात मावत न्हाय आमी, हे त्याच्या मनात चाललं होतं, आणि तो मनातही बरोबर त्या फटीतल्या सुरात म्हणत होता.

संयोगिताबाई पहिल्या रांगेत होत्या. सगळे उभे होते, त्या बसूनच होत्या. डोळे मिटलेले, मान थोडी तिरकी, वरच्या घरात खाटेवर पडून खालचा कानोसा घ्यावा तशी.

"गिरणी चालू झाल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "पंख्याचा लई आवाज हाय."

राजवीर अजून बोर्डापाशीच उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं. मग पंख्याचं एक बटण बंद केलं, दुसरं केलं, तिसरं. उकाडा मी म्हणत होता, माणसं घामानं भिजली होती. एकेक पंखा मंद होत थांबला. आठही बटणं बंद झाली. नवव्या बटणावर मीरासाबच्या डब्याचा प्लग चालू होता. त्याला राजवीरनं हात लावला नाही.